लवूचे वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. कांदे-बटाटे तोलणारा नव्हे. ते माझे चुलत भाऊ. घाटकोपरच्या बाजारात त्यांची चलती आहे आणि त्यांच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंचही सगळ्यांना ठाऊक आहे. मी तान्ह्या मुलांचा वजनकाटा आहे. माझे पारडे पांढरे, खोलगट, मूल कुशीवर वळले तरी पडू नये असे. त्याच्या एका कडेचा टवका उडाला आहे. दांडी पितळेची आहे आणि तिच्यावर सरकणारे वजन अजून कुठे अडत नाही.

सध्या मी मुलुंडच्या एका महिला मंडळाच्या कोठीच्या खोलीत, फाटक्या सतरंज्या आणि मोडकी बाजाची पेटी यांच्या शेजारी पडून आहे. मित्रांनो, पडून राहण्याचे मला दुःख नाही. काम संपले की धूळ बसायचीच. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो तुमच्यापाशी ओकल्याशिवाय मला बरे वाटणार नाही.

माझा जन्म भायखळ्याच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या दांडीवर इतकी कानस चालली की घासता घासता मी संपतो की काय, असे मला वाटले. मग पौंडांच्या आणि औंसांच्या खुणा कोरल्या. शेवटी सरकारी शिक्का बसला. शिक्का बसला म्हणजे काय, तर हा काटा खोटे बोलणार नाही. मी आजवर तो शब्द मोडलेला नाही. माझ्या भोवती जमलेल्या माणसांनी आपापले शब्द किती पाळले, ते तुम्ही पुढे पाहालच.

पहिली काही वर्षे मी डॉक्टर विद्याधर यांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर सज्जन गृहस्थ. मुलाला पारड्यात ठेवण्याआधी हात एकमेकांवर चोळून गरम करायचे. त्यांना एकच खोड होती, ती म्हणजे कोणाचे मन दुखवायचे नाही. खोड चांगली आहे. पण कधी कधी ती फार महाग पडते, आणि किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.

त्रेपन्न साली मंडळाने सुदृढ बालक स्पर्धा भरवली आणि डॉक्टरांनी मला मंडळाला देऊन टाकले. तिथून माझे वैभवाचे दिवस सुरू झाले. दसऱ्याला मला झेंडूचा हार पडे. स्पर्धेच्या दिवशी मला शुभ्र चादरीच्या टेबलावर मधोमध बसवीत. मंडळाच्या अध्यक्षा सुगंधाताई माझ्या शेजारी उभ्या राहत. उंच अंगाच्या, खणखणीत आवाजाच्या बाई. त्या मनाने वाईट मुळीच नव्हत्या, हे मी आधीच सांगून टाकतो. वाईट माणसांवर रागावणे सोपे असते.

सुगंधाताईंना मुलाचे वजन मोठ्याने पुकारायची हौस होती. टेकडीखालच्या खाणीवर राहणाऱ्या बायकांना ते मुळीच आवडत नसे. मुलाला जोखू नये, जोखलेच तर आकडा चारचौघांत बोलू नये, दृष्ट लागते, असे त्या मानत. सुगंधाताईंनी तोंड उघडले की त्या पटकन मुलाच्या कानांवर हात ठेवीत. त्यांनी फारच गयावया केली तेव्हा एवढी सवलत मिळाली की बाळाचा करदोटा आणि ताईत काढायचा नाही, त्यांच्यासकटच वजन करायचे.

पहिल्याच स्पर्धेत खाणीवरच्या एका मुलीला दुसरे बक्षीस मिळाले. तिचे नाव नलिनी. माझ्या पारड्यात ती मावत नव्हती आणि सारखी माझी दांडी तोंडात घालायला बघत होती. तिची आई प्रेमा मालवणकडची. नवरा काशीराम पूर्वी गिरणीत होता. तिथून कमी केल्यावर तो मुलुंडला खडीच्या खाणीवर लागला होता. सुगंधाताईंनी प्रेमाला स्वतःच्या हाताने बक्षिसाची वाटी दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, “बघा गं, आई असावी तर अशी! शिकलेली नाही, पण कशी नेटकी!” प्रेमा लाजून खाली बघत राहिली. मित्रांनो, हे वाक्य विसरू नका. ज्यांनी ते उच्चारले त्या ते लवकरच विसरल्या.

दोन वर्षांनी मंडळाने दूधकेंद्र काढले. परदेशातून आलेली दुधाची भुकटी कृश मुलांना वाटायची. दर शनिवारी आयांनी मूल आणायचे, मी वजन सांगायचे, मग डब्यात भुकटी मिळायची. सगळे छान होते. फक्त एक नियम होता. लागोपाठ तीन शनिवार मूल वाढले नाही तर भुकटी बंद. कारण काय, तर मूल वाढत नाही म्हणजे आई भुकटी त्याला देत नाही, बाहेर विकते किंवा नवऱ्याच्या चहात घालते. हा नियम कोणी केला, कुठे बसून केला, ते मला माहीत आहे. इथेच, पंख्याखाली बसून केला. नियम करणाऱ्या साऱ्याजणी जवळच्या वसाहतीत राहणाऱ्या, त्यांच्यापैकी एकजणही कधी टेकडीखाली गेली नव्हती.

केंद्रावर काम करायला मंडळाने एक पगारी मुलगी ठेवली होती. तिचे नाव कुंदा. मालाडची. समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेऊन आलेली, तोंडाने फटकळ. मंडळातल्या बायका तिची थट्टा करीत. “आम्ही काय आजवर झोपा काढत होतो? आता परोपकारालासुद्धा कॉलेज लागतं!” कुंदा हसून म्हणे, “लागतं ना. नाहीतर परोपकार करणाऱ्याचंच वजन वाढतं.” हे बोलणे सुगंधाताईंना रुचत नसे.

त्या केंद्रावर प्रेमा पुन्हा आली. या वेळी तिच्या कडेवर लवू होता, नलूचा धाकटा भाऊ. मी त्याला पाहिले आणि चरकलो. डोके मोठे, मांड्यांची कातडी सैल, डोळे म्हाताऱ्या माणसासारखे समजूतदार. रडला तरी आवाज येत नव्हता. मी खरे तेच सांगितले. पहिल्या शनिवारी, दुसऱ्या शनिवारी, माझी दांडी होती तिथेच राहिली. सुगंधाताई म्हणाल्या, “प्रेमा, पुढच्या शनिवारी वजन दिसलं नाही तर पावडर मिळणार नाही हं. मग माझ्याकडे यायचं नाही.”

तिसऱ्या शनिवारी लवूला माझ्यावर ठेवले आणि माझी दांडी खटकन वर गेली.

“अर्धा पौंड वाढला!” सुगंधाताईंनी पुकारले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमाने मुलाच्या कानांवर हात ठेवला नाही. ती जमिनीकडे बघत होती. कुंदाने लवूला उचलले तसे त्याचे झबले वर सरकले आणि काहीतरी खुळखुळले. त्याच्या करदोट्यात लोखंडी वायसर ओवलेले होते, खाणीवरच्या यंत्राचे, एकाशेजारी एक.

“हे काय गं?” सुगंधाताईंनी विचारले.

“करदोटो, बाई.”

“करदोट्याला लोखंड? आणि एवढं?”

“लोखंड आसला की बाधा होना नाय,” प्रेमा कशीबशी म्हणाली. तिच्या गावी तसे मानतात, हे खरे होते. पण तिला खोटे बोलण्याची सवय नव्हती. तिचा चेहराच सगळे सांगत होता.

सुगंधाताईंनी कात्रीने करदोटा कापला. वायसर माझ्या पारड्यात पडले. माझ्या कडेचा टवका उडाला तो त्याच दिवशी. “आम्ही दूध द्यायचं आणि तू ते हॉटेलात विकून इथे लोखंड तोलायचं? लाज वाटत नाही? पोटचं पोर आहे ना तुझं?”

“दूध लवूच्याच पोटात जाता, बाई. देवाची आण. माझ्या हातान पाजतंय.”

“मग वाढत का नाही?”

“ताच माका कळना नाय,” प्रेमा म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

रांगेतल्या दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. मला संताप आला. वजनाच्या काट्यापुढे एका आईने लोखंड बांधून मूल आणावे, ही वेळ तिच्यावर कोणी आणली, हे एकीलाही सुचले नाही. चोर सापडला की सगळ्यांची कामे सोपी होतात. फक्त कुंदा हसली नाही. ती म्हणाली, “सुगंधाताई, मला आठ दिवस द्या. हा काटा मी त्यांच्या घरी नेते आणि रोज वजन करते.”

“घरी जाऊन काय दिसणार आहे वेगळं?”

“गेल्याशिवाय कसं सांगू?”

अशा रीतीने मंडळात आल्यापासून मी पहिल्यांदाच त्याच्या सभागृहाबाहेर पडलो. टेकडीच्या पायथ्यापर्यंत टांगा होता. पुढे प्रेमाने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मला उचलून घेतले. कडेवर लवू, डोक्यावर मी. जो काटा तिला चोर ठरवत होता तोच ती मिरवणुकीतल्या देवासारखा सांभाळून नेत होती. वाटेत ठेच लागली तेव्हा तिने आधी मला सावरले, मग स्वतःला.

खाणीवरची चाळ म्हणजे दगडाच्या भिंतींवर टाकलेले पत्रे. खडीची पांढरी धूळ सगळीकडे, नलूच्या पापण्यांवरसुद्धा. पण खोली अशी सारवलेली, भांडी अशी घासलेली की सभागृहातल्या कपबशांना लाज वाटावी. कुंदाने आल्या आल्या भुकटीचा डबा उघडून पाहिला. चमचा पाहिला. मग काशीराम जेवायला घरी आला, त्याला तिने आडवळणाने विचारले, चहा कसला पिता, दुधाचा की कोरा?

काशीरामच्या सगळे ध्यानात आले. “माझ्या चायत ती भुकटी? अहो बाई, वास तरी घेवा तिचो! माणूस पियात काय ता? लवू पिता कारण त्याका बोलूक येना नाय.”

कुंदाला हसू आले आणि ती ओशाळलीही. नंतर तिने डबा बंद केला आणि दारात बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही आली आणि बसली. मी रोज वजन सांगत होतो आणि ते रोज थोडे उतरत होते. लवूला दिवसातून कितीदा तरी जुलाब होत. प्रेमा त्याला धुई, पुसे, पुन्हा दूध कालवून पाजी. चमचा भरून, हळूहळू, ओठ पुसत. तिचे काही चुकत नव्हते आणि तरी मूल हातातून निसटत होते. ते बघणे फार कठीण होते, मित्रांनो.

मग प्रेमा पाणी घेऊन आली आणि कुंदाने कळशीत डोकावले. पाणी हिरवट होते. तळाला गाळ होता.

“हे कुठलं पाणी?”

“खाणीतला. खड्ड्यात साठता ना, ता.”

“अगं, पण वसाहतीची विहीर एवढी जवळ आहे!”

“तिका कुलूप आसा. जाळी घालून कुलूप लावल्यानी. लवू पोटात होतो तेव्हापासून.”

“कोणी लावलं?”

प्रेमा थांबली. सांगू की नको, असे तिला झाले असावे. “नंदकिशोर सायबांनी. तुमच्या सुगंधाबाईंचे घोव.”

सुगंधाताईंच्या नवऱ्याचे नाव ऐकून कुंदाने पुन्हा कळशीत पाहिले. नंतर तिने विचारले, “नलूच्या वेळी?”

“तेव्हा उघडीच होती. सकाळ-सांज तिचाच पाणी हाडी मी.”

ते ऐकले आणि मला नलू आठवली. पारड्यात न मावणारी, बक्षीस घेणारी नलू. हीच आई, हीच खोली, हाच बाप, हेच पत्रे आणि हीच धूळ. बदलले होते एकच. मी दोन्ही मुले तोलली होती, पण मला जोखायला दिले होते फक्त मूल. विहीर माझ्या पारड्यात कोणी ठेवली नव्हती.

“पाणी उकळून घेत जा ना,” कुंदा म्हणाली, पण म्हणता म्हणताच तिची नजर चुलीकडे गेली.

“लाकडा खंयसून हाडू? भात शिजण्याक पुरत नाय.”

“खरंय.” कुंदाने लवूला मांडीवर घेतले. “प्रेमा, आम्हाला शिकवलंय, माणूस बघायचा तर त्याच्या अवतीभवतीचं सगळं धरून बघायचा. त्याचं घर, पाणी, काम, शेजार. सुटा माणूस कुठे नसतोच. हे पाठ होतं मला. आणि तरी पहिल्यांदा तुझा डबाच उघडून बघितला. तुझ्यात काही खोट नाही गं बाई.”

महिनाभरात तिला असे कोणी म्हटले नव्हते. प्रेमा भिंतीला टेकून लहान मुलीसारखी रडली.

पुढच्या बैठकीला मी परत सभागृहात होतो. सगळ्याजणी आल्या, डॉक्टर विद्याधरही आले. आपल्याकडे कोणी आले की आधी पाणी देतात. कुंदाने सगळ्यांपुढे पाण्याचे पेले ठेवले. सुगंधाताईंनी पेला ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

“शी! हिरवं आहे हे! कुठून आणलंस?”

“खाणीतून. लवू हेच पितो. आपल्या भुकटीत कालवून.”

डॉक्टरांनी आपला पेला बोटाने हळूच लांब सारला. कुंदाने ते पाहिले. “डॉक्टर, तुम्ही सांगा ना. मूल आईच्या हाताने जातंय की ह्या पाण्याने?”

डॉक्टरांनी घसा खाकरला. “पाण्याने होऊ शकतं. तसं म्हटलं तर... पण खात्रीनं सांगायचं म्हणजे तपासायला हवं.” ते नंदकिशोरांच्या शेजारीच राहत होते आणि रोज विहिरीचे पाणी पीत होते. त्यांना खात्री होती. मी त्यांना वर्षानुवर्षे ओळखतो. मन दुखवायचे नाही म्हणून ते गप्प बसले. सुगंधाताईंचे मन.

“मी फार मागत नाही,” कुंदा म्हणाली. “सकाळी तासभर कुलूप काढा. खाणीवरच्या बायका रांगेनं येतील. मी स्वतः उभी राहीन तिथे.”

“कुंदा, हे दूधकेंद्र आहे. विहिरीचा विषय इथे काढू नकोस,” सुगंधाताई म्हणाल्या. “विहीर वसाहतीची आहे. गेल्या उन्हाळ्यात तळ दिसायला लागला होता. आज तासभर, उद्या दिवसभर. मग आम्ही काय प्यायचं? आणि तू कोणाची बाजू घेतेस? मुलाच्या कमरेला लोखंड बांधून आम्हाला फसवणारी बाई ती!”

“तिनं फसवलं कारण तुम्ही भुकटी बंद करणार होता. आणि तुमची भुकटी त्या पाण्यातच कालवायची होती. तिनं करायचं काय होतं, सांगा ना?”

“आवाज खाली!”

त्यानंतर सुगंधाताईंनाच एक तोड सुचली. बोरिवलीला त्यांच्या ओळखीचे एक बालगृह होते. लवूला तिथे ठेवायचे. दाई आहे, डॉक्टर आहे, खर्च मंडळ करील. सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. कुलूप काढण्यापेक्षा मूल हलवणे सोपे होते, शिवाय त्यात पुण्यही होते. डॉक्टर तर “उत्तम, उत्तम,” असे दोनदा म्हणाले. एकटी कुंदा विरोधात राहिली.

प्रेमाला बोलावून सांगितले, की मूल बोरिवलीला पाठव, नाहीतर मंडळ तुझी जबाबदारी घेणार नाही. तिने भांडण केले नाही. पदराने लवूचे नाक पुसले आणि एकच विचारले, “जगात मा तो थय?”

“जगेल. गुटगुटीत होईल,” सुगंधाताई म्हणाल्या.

“मगे न्हेवा.”

आई आपले मूल असे देऊन टाकते, ते त्याच्यावर जीव नसतो म्हणून नव्हे. पण बाहेर पडताना एक बाई दुसरीच्या कानाशी लागली, “बघितलंस? डोळ्यांत टिपूस नाही. ह्या लोकांना काही वाटतच नाही.” मला हात असते तर, जाऊ द्या.

लवू गणपतीच्या आधी परत आला. त्याला माझ्यावर ठेवले आणि मी खरे सांगितले. मूल खरोखरच भरले होते, मनगटाला वळ्या पडल्या होत्या. छायाचित्रकार आला होता. सुगंधाताईंनी भाषण केले आणि त्यात कुंदाचीच वाक्ये घातली. “भगिनींनो, माणूस परिस्थितीनं घडतो. परिस्थिती बदला, माणूस बदलतो. हा बालक त्याचा पुरावा आहे!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागच्या रांगेतून कुंदा उभी राहिली. “ताई, मग आता त्याला परत कुठे पाठवताय?”

छायाचित्रकाराने सगळ्यांना जवळ सरकायला सांगितले. प्रेमाने हात पुढे केले तर लवू तिच्याकडे जाईना. तो दाईच्या गळ्याला मिठी मारून किंचाळत होता. आता त्याचा आवाज चांगला मोठा निघत होता. प्रेमा हात पसरून तशीच उभी राहिली. तो फोटोही निघाला, पण भिंतीवर लावला तो दुसरा, ज्यात लवू माझ्या पारड्यात एकटा बसला आहे.

तो टेकडीखाली गेला. त्याच खोलीत, त्याच पाण्याकडे. पुढच्या शनिवारपासून माझी दांडी उतरू लागली. प्रेमा न चुकता यायची. आता ती आकडा विचारतही नसे, नुसती माझ्या दांडीकडे बघे. कुंदा नंदकिशोरांच्या घरी जाऊन आली. त्यांनी चहा पाजला आणि सांगितले की वसाहतीच्या सभेपुढे विषय ठेवतो. सभा दिवाळीनंतर होती.

दिवाळीच्या आधल्या शनिवारी प्रेमा एकटीच आली. तिने भुकटीचा डबा माझ्या पारड्यात ठेवला.

“लवू कुठाय?” सुगंधाताईंनी विचारले.

“लवू ऱ्हवलो नाय, बाई. डबो परत करूक इलंय. अर्धो आसा. कोणाच्या तरी उपेगी पडात.”

लवू वारला होता. डब्याच्या वजनाने माझी दांडी उचलली गेली आणि ती मला खाली घेता येईना. इतकी वर्षे मी फक्त जिवंत मुले तोलली होती. सुगंधाताई रडल्या. खोटे नाही, खरेच रडल्या, हुंदके देऊन. पण डोळे पुसता पुसता त्या शेजारणीला म्हणाल्या, “एवढं सुधारून दिलं होतं आपण. घरी नेल्यावर तिला जपता नाही आलं.” कुंदाने ते ऐकले. त्या दिवशी ती जे बोलली ते मी इथे सांगत नाही, पण महिनाअखेर मंडळाने तिला कामावरून काढले. कारण दिले उद्धट वर्तन. निघताना तिने माझ्या पारड्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “तू खरं बोललास रे. पण अर्धंच.” पुढे ती कांजूरमार्गच्या एका वस्तीत काम करू लागली, असे कानावर आले. लवूचा फोटो मात्र भिंतीवर राहिला. पाहुणे आले की तो दाखवीत. हा बालक आता नाही, हे कोणी सांगत नसे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी मास्तर व्हाल, कोणी डॉक्टर, कोणी साहेब. तुमच्याही हाती एखादा काटा येईल. मार्कांचा असेल, हजेरीचा असेल. तो वापरा, माझी तक्रार नाही. पण वर्गातला एखादा मुलगा रोज पेंगतो म्हणून त्याला आळशी म्हणण्याआधी तो कुठे झोपतो ते जाऊन बघा. एखाद्या बाईला निष्काळजी म्हणण्याआधी तिच्या कळशीत डोकावा. आणि तिथे जे दिसेल ते तुमच्याच दाराशी येऊन थांबले, तर दार लावून घेऊ नका. मला धुऊनपुसून ठेवा, तेल घाला, असे मी म्हणत नाही. मला गंजू दिले तरी चालेल.

आता शेवटचे सांगतो. मुलुंड मुंबई महापालिकेत गेले आणि काही काळाने वसाहतीत घरोघर नळ आले. विहिरीची कोणाला गरज उरली नाही. तेव्हा मंडळाने ठराव केला, की विहीर खाणीवरच्या बंधुभगिनींसाठी खुली करावी. मोठा समारंभ झाला. जाळीला फुलांची तोरणे बांधली, नारळ फोडला, शेजारी आरोग्याचे प्रदर्शन मांडले आणि टेबलावर मला हार घालून बसवले. नंदकिशोरांनी स्वतः कुलूप काढले. पहिली कळशी काढायचा मान, सुगंधाताईंनी आठवणीने, प्रेमाला दिला.

प्रेमा पुढे आली. तिने पोहरा सोडला, ओढला, कळशी भरली. ओंजळभर पाणी प्यायली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुगंधाताई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “प्रेमा, दोन शब्द बोल गं. कसं वाटतंय?”

प्रेमाने पदराने तोंड पुसले आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, “पाणी गोड आसा, बाई. तेव्हाय गोडच होता.”